‘इतर’मधला टँकर

मी ग्रामसेविका म्हणून रुजू झाले, तेव्हा आमच्या गावच्या जमाखर्चात सगळ्यात गुबगुबीत रकाना होता ‘इतर’. गाव नाशिकहून चांदवडकडे जाताना हायवेपासून जरा आत, कांद्याचं. मी सातपूरच्या घरून सकाळची एसटी पकडून जायची. पहिल्याच महिन्यात ‘इतर’मधली खासगी टँकरची पावती पाहिली. पहिलीच नोकरी आणि पहिलाच घोटाळा, असं वाटलं.

घोटाळा नव्हता. गावापासून लांब, टेकडीखाली आमच्याच हद्दीत एक मळा आहे, म्हणजे काही घरांची वस्ती. उन्हाळ्यात तिथल्या विहिरी आटायच्या. सरकारी टँकरला अर्ज, पाहणी, मंजुरी. एवढा धीर गावाला नव्हता. सरपंच घरपट्टीच्या पैशांतून खासगी टँकर बोलवायचे. परवानगी नसल्यामुळे खर्च ‘इतर’मध्ये जायचा. वर्षानुवर्षं हेच चालू होतं. चांगलं काम चोरून करायची गावाला सवयच झाली होती.

मग हिशेब ऑनलाइन आले. सगळ्या ग्रामपंचायतींना खर्चाची ठरलेली तीच शीर्षं, म्हणजे रकाने, आणि भरलेलं कुणालाही मोबाइलवर दिसणार. ‘इतर’ उरलं होतं, पण चिमूटभर. टँकर त्यात मावेना.

सरपंच माझ्या वडिलांच्या वयाचे. मी त्यांना अण्णा म्हणते. त्यांनी शांतपणे तोड काढली, की थोडा खर्च दिवाबत्तीत टाकायचा, थोडा साफसफाईत. मी भडकले. मळ्यातली माणसं काय दिव्यातून पाणी पितात, असं तोंडावर विचारलं. अण्णा रागावले नाहीत.

“मॅडम, तुमची नोकरी नवी हाय,” ते म्हणाले. “खरं लिवलं तर नोटीस पहिली तुम्हाला येईल.”

ते खरंच होतं, आणि मी घाबरले. टँकरची नोंद न करता पावती तशीच ठेवून दिली. ग्रामसभा झाल्यावर बघू, म्हटलं.

आमच्या ग्रामसभेत हिशेब वाचायचा म्हणजे गाडी पळवायची. लोकांचं लक्ष चहाकडे, मळ्यातली मंडळी दाराशी, कारण त्यांना लांब चालत जायचं असतं. त्या दिवशी मी अर्ध्यावर आले असताना दाराशी मळ्यातली एक सून उभी राहिली. तिच्या हातातल्या मोबाइलवर आमच्याच पंचायतीचा हिशेब उघडलेला होता.

“पाण्याच्या रकान्यात आमच्या मळ्याचं कायबी नाय,” ती म्हणाली. “म्हंजे सरकारला वाटतंय, आम्हाला पाणी हाय. मग नळ द्यायचा कुणी?”

चहावाला किटली धरून थांबला. टँकर झाकता झाकता आम्ही मळ्याची तहानही झाकली होती, आणि इतक्या वर्षांत हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मला तिचा हेवा वाटला आणि स्वतःची चीडही आली.

दुसऱ्या दिवशी मी नोंद केली: पाणीटंचाई, टँकर, मळ्याच्या नावासकट. भीती होतीच, खोटं कशाला बोलू? अण्णांनी शेजारी खुर्ची ओढली आणि न विचारता आपली डिजिटल सही करून टाकली. मग म्हणाले, नोटीस आलीच तर दोघांना मिळून येऊ दे.

आली. खुलासा मागितला होता. मी विहिरींपासून सगळं सरळ लिहून दिलं. पुढे परवानगीशिवाय टँकर न बोलवण्याची समज मिळाली, आणि त्याच कागदात खाली विचारलं होतं की दर उन्हाळ्यात टँकर लागतो, तर या वस्तीसाठी नळयोजनेचा प्रस्ताव का नाही? मी तो परिच्छेद अण्णांना मोठ्याने वाचून दाखवला. ते म्हणाले, पुन्हा वाचा.

प्रस्ताव गेला, इंजिनिअर मळ्यात फिरून आले, आणि यंदाच्या हिवाळ्यात पाइप पडला. पहिल्या दिवशी नळाला आधी हवाच आली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. त्या सुनेने मला तांब्याभर पाणी दिलं आणि मी ते उभ्याउभ्या संपवलं.

परवा उन्हाळ्याचा खर्च भरायला बसले. टँकरपुढे शून्य टाकलं. अण्णा चष्मा लावून स्क्रीनशी वाकले.

“मॅडम, हे शून्य जरा मोठं नाय का काढता येत?”

नाही येत, म्हटलं. सगळ्या गावांना एकाच मापाचं असतं.