वांग्याच्या सरीतलं इंग्रजी

माझ्या अनसिंगच्या मामांइतका धक्के देणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात दुसरा नसेल. एकदा सकाळी त्यांच्या मळ्यात गेलो आणि बांधावरच थिजलो. बियाण्याच्या कंपन्या नव्या वाणाच्या पाट्या लावतात ना, तशा वांग्याच्या प्रत्येक सरीच्या अलीकडच्या टोकाला पाट्या: 'टीच', 'हेल्प', 'एम्प्लॉय'. पलीकडच्या टोकाला 'अर', 'फुल', 'ई'. अहो, मामा स्वतः दहावीला इंग्रजीत चारदा आपटलेले! "हे काय मामा?" तर म्हणाले, "तुह्या वहिनीची परीक्षा हाय. घरात पुस्तक उघडलं की तुही मामी काम सांगते. मंग म्या तिले वांगी तोडाले लावली. इकडं क्रियापद, तिकडं शेपूट. टोपलं भरेपावतर अर्थ पाठ!"

वहिनी म्हणजे मामांची सून. सरकारी नोकरीच्या परीक्षेत इंग्रजीनं तिचा दोनदा घात केला होता, आणि "यंदा नाही झालं तर पुस्तकं बांधून ठेव," असं मामीनं बजावलं होतं. 'एम्प्लॉय'च्या सरीत मामा तिच्यामागून चालत शिकवायचे, "'अर' लावलं तं काम देनारा, 'ई' लावलं तं पगार घेनारा. एका शेपटानं मानूस बांधाच्या इकडचा तिकडं होते, पोरी!" त्यातच धनजहून आलेले एक पाहुणे पाट्या वाचून 'हेल्पफुल' जातीचं बियाणं मागू लागले, आणि मामांनी चक्क रोपं दिली! मी हादरलो. "फसवता काय लोकांना?" मामा शांतपणे म्हणाले, "फसवू कायले? वांगं तं खरंच हाय." पुढच्या हंगामात तेच पाहुणे आणखी रोपं न्यायला आले, आता बोला!

वहिनी पास झाली. मामी पेढे वाटताना ढसाढसा रडली, हा मला बसलेला आणखी एक धक्का. नेमणूक पार चंद्रपूरकडे मिळाली. वहिनी निघाली, सोबत तिचा नवरा, आमचा दादाही, आणि एसटीवर सगळे आले, मामा सोडून. मला रागच आला. तरातरा मळ्यात गेलो.

मामा एकटेच वांगी तोडत होते. एका सरीला नवी पाटी होती, 'रिटर्न'. पलीकडच्या टोकाला नुसतीच खुंटी.

"मामा, याचं शेपूट कुठंय?"

"दिवाळीले पोरगी घरी येईल. तीच लावील," मामा मान वर न करता म्हणाले.

नेमणुकीचं पत्र आल्यापासून त्या सरीतली वांगी त्यांनी तोडलीच नव्हती. जून होऊन पिवळी पडली होती.