गॅलरी कापली, माथे ठेवले

लीड्समध्ये कालव्याच्या काठी वयस्कर लोकांसाठी बांधलेली एक इमारत आहे. ती 'डच शैलीत' बांधली आहे असं तिच्या जाहिरातीत लिहिलं होतं. ते दोन शब्द आठवले की आजही माझं डोकं फिरतं.

मी आर्किटेक्ट आहे. पुण्यात शिकले, नवऱ्याच्या हॉस्पिटलमधल्या नोकरीमुळे इथे आले आणि एका ऑफिसात लागले. कालव्याकाठचं काम आमच्याकडे आलं तेव्हा बॉसने सल्लागार म्हणून एका डच आर्किटेक्टना बोलावलं. सत्तरी ओलांडलेले, उंच, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी आधी पेन्सिल उचललीच नाही. बॉसला आणि मला घेऊन ते रॉटरडॅमला गेले.

तिथे त्यांनी आम्हाला शंभरएक वर्षांपूर्वी कामगारांसाठी बांधलेली विटांची एक वसाहत दाखवली. वरच्या मजल्यावर सगळ्या घरांच्या दारांपुढून एक उघडी गॅलरी जात होती. ती इतकी रुंद की पूर्वी दूधवाला हातगाडी लिफ्टमधून वर आणायचा आणि दारोदार दूध घालत फिरायचा. आम्ही गेलो तेव्हा एक आजोबा दारात खुर्ची टाकून बटाटे सोलत बसले होते. शेजारीण कुंड्यांना पाणी घालत त्यांच्याशी बोलत होती.

"आमच्या त्या जुन्या आर्किटेक्ट्सनी आधी दाराबाहेरची जागा आखली," डच गृहस्थ म्हणाले. "आजची चांगली पोरंही तेच करतात. बाकी सगळं नंतर."

परत आल्यावर मी झपाटल्यासारखं काम केलं. प्रत्येक मजल्यावर दक्षिणेकडे रुंद गॅलरी, प्रत्येक दाराशी एक बाक. सासूबाई तेव्हा आमच्याकडेच राहायला होत्या. त्यांनी इथल्या हॉस्पिटलात नर्स म्हणून आयुष्य काढलं, पण सासरे गेल्यावर आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर मोठं घर त्यांना झेपेना. डायनिंग टेबलवरच्या ड्रॉइंगवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "मला हे कोपऱ्यातलं दार दे. इथे ऊन येईल ना?"

"येईल, आई."

मग डेव्हलपरच्या माणसाबरोबर मीटिंग झाली. गॅलरी बघून त्याने नाक मुरडलं. "डेक ॲक्सेस? उघड्या गॅलरीतून घरात शिरायचं? या देशात हा शब्दही काढू नका. लोकांना कौन्सिलने स्वस्त भाड्याच्या घरांसाठी बांधलेले जुने टॉवर आठवतात. अंधारे जिने, लिफ्टमधला वास."

"त्या लिफ्ट कुणी दुरुस्त केल्या नाहीत, दिवे कुणी बदलले नाहीत," मी म्हणाले. "त्यात गॅलरीचा काय दोष?"

तो फक्त हसला. पुढच्या ड्रॉइंगमध्ये गॅलरी गेली होती. तिच्या जागी मधोमध, दोन्हीकडे दारं असलेला, एकही खिडकी नसलेला कॉरिडॉर आला. आणि दर्शनी भिंतीच्या वर डेव्हलपरच्या मार्केटिंगच्या लोकांनी ॲमस्टरडॅमच्या कालव्यावरच्या घरांसारखे पायऱ्यापायऱ्यांचे त्रिकोणी माथे लावले होते. त्या जुन्या घरांत माथ्यामागे खरंच उतरतं छप्पर असतं, आणि माथ्यातला हूक सामान वर ओढायला असतो. इथे मागे सपाट स्लॅब. हूकसुद्धा रेखाटला होता, नुसता शोभेचा. बॉस म्हणाला, "छान दिसतंय की." मी माझं जुनं ड्रॉइंग गुंडाळून घरी नेलं.

डच गृहस्थांचा फोन आला. "मी या कामातून माझं नाव काढून घेतलंय," ते म्हणाले.

"तुमचं बरं आहे," मी ओरडलेच. "तुम्ही विमानात बसून घरी जाल. माझ्या सासूबाई तिथे राहणार आहेत."

"कौन्सिलची प्लॅनिंगची मीटिंग कधी आहे?" त्यांनी विचारलं. " मी येतो."

ते खरंच आले. कौन्सिलच्या हॉलमध्ये आम्ही दोघं विरोधात बोललो. बॉस मागच्या रांगेत बसला होता. एका कौन्सिलरने मला विचारलं, "तुम्ही याच ऑफिसात काम करता ना?"

"आजपर्यंत करत होते," मी म्हणाले.

डेव्हलपरला परवानगी मिळाली. कुणीतरी माथ्यांचं कौतुकही केलं. मी नोकरी सोडली.

इमारत उभी राहिल्यावर सासूबाई मात्र तिथेच राहायला गेल्या. "लिफ्ट आहे, तुमचं घर जवळ आहे. तुझ्या रागापायी मी तुमच्याकडचे जिने चढत बसू का?" म्हणाल्या. त्यांचं सामान मीच लावून दिलं.

त्या कॉरिडॉरमधले दिवे माणूस हलला तरच लागतात. सासूबाई आणि समोरची बाई दारात बोलत उभ्या राहिल्या की थोड्या वेळाने अंधार होतो, आणि दोघी हात हलवून दिवे परत लावतात. त्या हे हसत सांगतात, मला हसू येत नाही. एकदा त्यांनी दाराबाहेर खुर्ची ठेवली, तर मॅनेजरने ती उचलून नेली. मी तावातावाने खाली गेले.

मॅनेजर तरुण मुलगी होती. शांतपणे म्हणाली, "आग लागली तर बाहेर पडायला हीच एक वाट आहे. धूर भरला तर कुणीतरी खुर्चीला अडखळून पडेल."

तिचं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच संताप आला. उघड्या, रुंद गॅलरीत बाक ठेवूनही माणसं सहज निघून जाऊ शकली असती. चूक त्या मुलीची नव्हती, आणि ज्यांची होती त्यांना कुणी काही विचारणार नव्हतं.

आता त्या इमारतीतल्या बायका दुपारी तळमजल्यावरच्या लाँड्री रूममध्ये जमतात, कारण मोठी खिडकी तिथेच आहे. मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून गप्पा मारतात. रविवारी मी डबा घेऊन जाते तेव्हा सासूबाई मला तिथेच बसवतात. परवा त्यांनी माझा चेहरा बघितला आणि म्हणाल्या, "आता पुरे कर ना. आम्ही बसतोय ना इथे."

"कपडे धुवायच्या खोलीत बसताय, आई," मी म्हणाले.

त्यांनी डबा उघडला आणि समोरच्या बाईला थालीपीठ दिलं. मी काही खाल्लं नाही.