मोठ्या बाईंचं वादळ

आमच्या मोठ्या बाई रोज सकाळी आठ वाजता हिमालयात फोन लावायच्या. कोथरूडमध्ये एका मिठाईच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आमचं छोटंसं खासगी हवामान कार्यालय होतं. खाली जिलब्यांची कढई तापत असायची आणि वर बाई हिमाचलातल्या एका खिंडीखालच्या गावात विचारत असायच्या, "मास्टरजी, हवा तोंड पे लगती है के पाठ पे?" पलीकडचे निवृत्त शाळामास्तर अंगणात जाऊन दरीकडे तोंड करून उभे राहायचे, परत येऊन उत्तर द्यायचे आणि मग भिंतीवरच्या यंत्रातला हवेचा दाब वाचून सांगायचे. बाईंचं हिंदी म्हणजे स्वेटर घातलेलं मराठीच. पण मास्तरांना ते नीट कळायचं, आणि आम्हाला उपग्रहाच्या चित्रांतून जे कळत नसे ते बाईंना या फोनवर कळायचं.

बाई मूळच्या नागपूरच्या. सरकारी नोकरीत उभी हयात हवामानाचे अंदाज वर्तवण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर दुसऱ्याच आठवड्यात त्या आमच्याकडे रुजू झाल्या. घरी बसून काय भिंतींचा अंदाज वर्तवू, असं त्यांचं म्हणणं. तीस वर्षांत पुण्याने त्यांची भाषा पार पुस्तकी करून टाकली होती. फक्त राग आला की आतलं नागपूर बाहेर यायचं. त्यामुळे बाई किती तापल्यात हे ओळखायला आम्हाला वेगळं यंत्र लागत नसे.

‘शक्यता’ या शब्दाशी त्यांचं हाडवैर होतं. आम्ही बाकीचे ओळीओळीला शक्यता पेरायचो, म्हणजे काहीही झालं तरी आपण मोकळे. बाई लिहायच्या ‘पाऊस येईल’, नाहीतर ‘येणार नाही’. मी नवी असताना एकदा ‘हलक्या सरींची शक्यता नाकारता येत नाही’ असं झोकात लिहून दिलं होतं. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "उद्या मी घोड्यावर बसून कामावर येण्याची शक्यताही नाकारता येत नाही. लोकांनी छत्री न्यायची की नाही, तेवढं सांग."

असं लिहिणाऱ्या माणसाचं चुकलं की ते चारचौघांत चुकतं. हिमालयात सहली नेणारा एक आयोजक आमचा जुना ग्राहक होता. पुढे सांगते त्या वादळाच्या आदल्या वर्षी बाईंनी ‘वादळ येईल’ म्हणून त्याची सहल अडवली आणि तिथे तीन दिवस लख्ख ऊन पडलं. त्या उन्हाचे फोटो त्याने बाईंना पाठवले, खाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकून. बाईंनी ते छापून आपल्या टेबलावरच्या काचेखाली ठेवले. मला त्याचं वाईट वाटायचं. त्यांना वाटत असेल तर त्यांनी कधी दाखवलं नाही.

थंडीत पश्चिमेकडून, इराण-अफगाणिस्तान ओलांडून, हिमालयावर वादळं येऊन आदळतात. वर बर्फ, खाली पाऊस आणि दोन्हीकडे वारा. पुण्यात आपल्याला त्याची खबर लागते ती कपाटातला स्वेटर पुन्हा काढावा लागला की. त्या फेब्रुवारीत असंच एक वादळ निघालं होतं. संगणकाच्या हिशेबाने ते उत्तरेला काश्मीरवरून निघून जाणार होतं. आणि त्याच वेळी, मास्तरांच्या गावाखाली, नदीच्या पात्रातल्या गोट्यांवर कर्वेनगरच्या एका कॉलेजच्या अठरा मुलामुलींचे तंबू लागले होते. नेणारा तोच आयोजक. दुसऱ्या दिवशी पहाटे मुलं खिंडीकडे चढायला लागणार होती.

त्या सकाळी बाई दाताच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या, म्हणून आठचा फोन मी लावला. मास्तरांनी दाब सांगितला तो रात्रीतून धाडकन उतरलेला, म्हणजे वादळ जवळ आल्याची खूण. आसपासच्या तिन्ही स्वयंचलित केंद्रांवर तसं काही नव्हतं. मास्तरांना नवा चष्मा लागला होता आणि आदल्याच आठवड्यात त्यांनी एक आकडा चुकवला होता. मी वाऱ्याचं विचारलं नाही. त्यांचे आभार मानले, फोन ठेवला आणि लाल पेन्सिलीने तो आकडा खोडून टाकला. आमच्या धंद्यात याला काटेकोरपणा म्हणतात.

साडेनऊला बाई गाल धरून आल्या. तक्ता पाहिला, लाल रेघ पाहिली. "काय करून राहिली तू?" मी चष्म्याचं सांगितलं, शेजारच्या केंद्रांचं सांगितलं. "आकडा खोटा वाटला तर ज्याने वाचला त्याला विचारावं. शेजारच्या आकड्यांना काय विचारते?" आणि तशाच सुजलेल्या गालाने त्यांनी मास्तरांना पुन्हा फोन लावला. दाब आणखी उतरला होता. मग त्यांनी खालच्या घरांतल्या चुलींचा धूर कुठे जातोय ते विचारलं. मास्तर म्हणाले, विचित्र आहे, रोज सकाळी धूर दरीतून खाली जातो, आज सगळा वर आमच्याकडे येतोय. बाईंनी डोळे मिटून घेतले. दक्षिणेचा दमट वारा दरीत शिरला होता. वादळ काश्मीरला जाणार नव्हतं. ते मुलांच्या डोक्यावर येणार होतं.

त्यांनी उभ्या उभ्याच लिहिलं: संध्याकाळी जोराचा वारा सुटेल. रात्री खाली पाऊस, खिंडीत बर्फ पडेल. पहाटेपर्यंत नदीला पूर येईल. तंबू तीन वाजायच्या आत गावातल्या शाळेत हलवा. खिंडीत कोणीही जाऊ नये.

आयोजकाचा लगेच फोन आला. अहो मॅडम, इथे निळंभोर आकाश आहे, मुलं माझी सालटी काढतील, निदान ‘शक्यता आहे’ एवढं तरी घाला, असं तो गयावया करून सांगत होता. कार्यालय ज्यांचं होतं त्या आमच्या साहेबांनीही हळूच तेच सुचवलं. बाई दोघांनाही एकदमच म्हणाल्या, "शक्यता लिहिली की ती मुलं नदीत बसून मतदान घेतील." आणि खाली स्वतःची सही केली.

दुपारी कोथरूडला कडक ऊन होतं. बाई दुखऱ्या दाताने सावकाश वरणभात जेवल्या. तीनला आयोजकाचा निरोप आला, मुलं शाळेत हलवली, सगळी फुगून बसली आहेत, वारा नाही. साहेब खिडकीशी जाऊन उगाचच आकाश बघून आले. साडेपाचला मास्तरांचा फोन आला. वाऱ्याच्या आवाजात त्यांचं एकच वाक्य कळलं, शाळेचा पत्रा थडथडतोय, आणि फोन बंद पडला.

दोन दिवस तो बंदच होता. बातम्यांत पूर दिसत होते, अडकलेले ट्रक दिसत होते. मास्तरांचं गाव कुठेच नव्हतं. मुलांच्या आईवडिलांना बाई एकच सांगत होत्या, मुलं शाळेत आहेत आणि शाळा उंचावर आहे. दोन्ही दिवस आठ वाजता त्यांनी नंबर फिरवला, आणि लागला नाही तेव्हा पुन्हा फिरवला. तो आकडा मी खोडला होता, त्यामुळे मला तर कुठे बघावं तेही कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पलीकडे घंटी वाजली. मास्तर बोलायला लागले आणि बाईंनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा केला. नदीवरचा पूल गेला होता. तंबू होते तिथे आता खोलीएवढे धोंडे येऊन पडले होते. खिंड बर्फाने बुजली होती. अठरा मुलं शाळेत बसून पत्ते खेळत होती आणि त्यांनी मास्तरांकडचा सगळा गूळ संपवला होता.

आम्ही ओरडलो, साहेबांनी खालून पेढे मागवले. बाईंनी त्या दिवशी विनयबिनय काही दाखवला नाही. त्या प्रत्येकाच्या टेबलापाशी तक्ता घेऊन गेल्या, साहेबांच्या तर दोनदा गेल्या, आणि धूर कुठून कुठे गेला ते बोटाने दाखवत राहिल्या. इतकी आनंदी बाई मी तोवर पाहिली नव्हती. माझ्यापाशी आल्या तेव्हा मात्र लाल पेन्सिलीबद्दल चकार शब्द काढला नाही. "उद्यापासून आठचा फोन तू लावायचा," एवढंच म्हणाल्या.

बाई आता नागपूरला भावाकडे राहतात. फोन मी लावते. न पटणारा आकडा आला की खोडण्याआधी माणसाला विचारते, आणि ते विचारणं अजून एकदाही वाया गेलं नाही.

पण त्या वर्षी बाई इथेच होत्या. ती मुलं पुण्यात परतल्यावर एका सकाळी जिन्यावर धाडधाड बूट वाजवत सगळीच्या सगळी कार्यालयात आली. बाईंनी आधी बूट बाहेर काढायला लावले. मग दारात उभं राहून, प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून, एकेकाला आत घेतलं. शेवटचा आत आला तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. एक मुलगी मान खाली घालून म्हणाली की त्या दुपारी तंबू उपसताना आम्ही तुम्हाला फार वाईट शिव्या घातल्या.

"घाला की," बाई म्हणाल्या. "शिव्या घालायला माणूस जिवंत परत यावा लागतो."