टेबलाला करंट हाय

"तू पाण्याकडे बघ."

असं म्हणत मॅडमनी माझ्या ड्रेसवरचा बिल्ला काढला. पिन निघेना, तेव्हा ओढली. कापड फाटलं. बिल्ल्यावर लिहिलं होतं, 'अध्यक्ष, व्यवसाय विद्यार्थी मंडळ'. तो त्यांनी सायन्सच्या एका मुलाच्या नव्या कोटावर लावला. महाडातल्या डॉक्टरांचा मुलगा. आमच्या इलेक्ट्रिकलच्या वर्गात त्यानं कधी पाय ठेवला नव्हता.

मला अध्यक्ष वर्गानं केलं होतं. हात वर करून.

"मॅडम, अध्यक्ष मी हाय."

"हेच! हे हाय-नाय साहेबांसमोर केलंस तर अनुदान जाईल. मग वर्गाला तोंड दाखवशील?"

मी पाण्याचा ट्रे उचलला. लाज वाटली, आणि लाज वाटली याचाच जास्त राग आला.

हे अनुदान सरकार देतं ते आमच्यासारख्यांना बोलता यावं म्हणून. हाताचं काम शिकणाऱ्या पोरांनी सभा घ्यावी, आपलं म्हणणं आपण मांडावं म्हणून. त्यातूनच बॅनर आला, हार आले, त्या मुलाच्या मापाचा कोट आला. अनुदानाचं काय केलं ते बघायला साहेब येणार होते.

आम्हाला साहेबांना एकच गोष्ट सांगायची होती. वर्कशॉपातल्या लोखंडी टेबलाला करंट येतो. आठवड्यापूर्वी आमच्या वर्गातली रुकय्या त्याला चिकटली. मी लाकडी स्टूल मारून तिला सोडवलं. तळहात काळा पडला तिचा. वर्कशॉपचे सर म्हणाले, "ओल्या हातानं कामं करता, दुसरं काय होणार!" हात कोरडा होता. मंडळाची सभा झाली, ठरलं, साहेब आले की अध्यक्षानं हे सांगायचं.

बाबा एमआयडीसीत ठेकेदाराकडे आहेत. त्यांना विचारलं तर म्हणाले, "गप ऱ्हा गो. बोलनारा पयला भायेर जातो."

म्हणून मी ग्लास भरत राहिले. दर मार्चला आई मला पोलादपूरहून चवदार तळ्यावर आणते. ओंजळीत पाणी घेते, माझ्या डोळ्यांना लावते. या पाण्याला हात लावला म्हणून याच गावात आमच्या माणसांची डोकी फोडली होती. आता आमच्या हातचं पाणी चालतं. आमचं बोलणं चालत नाही.

कोटवाला बोलला छान. "आमच्या सुसज्ज आणि सुरक्षित कार्यशाळेत..." टाळ्या पडल्या. रुकय्या माझ्या शेजारी उभी होती. बँडेजमुळे तिला टाळी वाजवता येत नव्हती, तरी मॅडम बघतात म्हणून ती मनगटावर हात आपटत होती. ते मला बघवेना.

साहेब उठले. "चला अध्यक्ष, कार्यशाळा दाखवा."

मी ट्रे घेऊन मागोमाग गेले. टेबलावर पांढरी चादर घातली होती, वर फुलदाणी. खाली लोखंडाची कड उघडीच होती. मेन स्विच चालू. दिवे पेटवून दाखवायचे होते ना! एमआयडीसीकडून वास येत होता, नेहमीसारखा. कुणी नाक मुरडलं नाही. मुलगा टेबलाशी गेला. बोर्डाकडे वाकताना त्याचा दुसरा हात त्या कडेकडे चालला.

क्षणभर मला वाटलं, लावू दे हात. खरंच वाटलं. मग रुकय्याचा तळहात आठवला.

"हात लावू नको! करंट हाय!"

ट्रे खाली पडला. मुलगा दचकून मागं झाला.

"तू कोण?" साहेबांनी विचारलं.

"अध्यक्ष मी हाय."

कुणी हसलं नाही. साहेब प्राचार्यांकडे बघत होते, प्राचार्य माझ्याकडे. "नंतर बोलू," म्हणत साहेब चहाला गेले. टेबल कुणीही तपासलं नाही. मॅडमनी फक्त चादर ओढून ती कड झाकली.

आज प्राचार्यांनी बोलावलं. "उद्या प्रार्थनेनंतर माईकवर माफी मागायची. करंट नव्हता, मी खोटं बोलले, म्हणायचं. नाहीतर परीक्षेला कशी बसतेस बघतो. तुझ्या बापाचा ठेकेदारही ओळखीचा आहे माझ्या."

बाबांना सांगितलं. ते जेवता जेवता थांबले. उरलेला भात तसाच ठेवून उठले.

मला भीती वाटते. खूप वाटते. परवा वर्गाचं प्रॅक्टिकल आहे, त्याच टेबलावर. चादर घातल्यानं करंट जात नाही.

उद्या माईक प्राचार्य स्वतः माझ्या हातात देणार आहेत. सगळी शाळा समोर असेल. मी 'हाय'च म्हणणार. टेबलाला करंट हाय. आमच्यातलं कुणीही त्याला हात लावणार नाय.