पेंटरची शाखा

एक डोळा मिटायचा, हात लांब करून अंगठा उभा धरायचा, समोरच्या भिंतीचा अंदाज घ्यायचा आणि मग विचारायचं, "म्हंजी नेमकं काय?" पाटोद्याच्या आमच्या पेंटरची ही पद्धत. पाट्या रंगवणारा एखादा तुमच्याही गावात असेल, पण रंगापेक्षा प्रश्नच जास्त खर्च करणारा पेंटर तुम्ही पाहिला नसेल.

मी तेव्हा तालुक्याच्या सहकारी दूध संघात लिपिक होतो. पहिल्यांदा त्यांना बोलावलं ते 'दूध संकलन केंद्र' एवढंच लिहायला. त्यांनी डोळा मिटला, अंगठा धरला.

"म्हंजी नेमकं काय, सर? दूध मोठं का केंद्र मोठं?"

"सगळं सारखंच लिहा."

"सारखं कसं लिवू? माणूस कशासाठी येतोय हितं?"

दुपारपर्यंत आम्ही तिघे कर्मचारी याच विषयावर भांडत होतो. शेवटी दूध मोठं झालं. शेजारी त्यांनी एक गाय काढली. पांढरी, अंगावर काळे डाग, गळ्यात घंटा, कास भरलेली. वडिलांच्या हाताखाली बाराव्या वर्षी ती काढायला शिकले होते. जिल्ह्यातल्या किती डेअऱ्यांवर ती गाय उभी होती देव जाणे.

पुढं फ्लेक्स आले आणि हातानं पाट्या लिहिणं जवळजवळ थांबलं. पेंटर दुकानात बसून रिकामे डबे पुसायचे. मग दुष्काळ पडला आणि त्यांना अचानक काम आलं. टँकरवर 'पिण्याचे पाणी', छावणीच्या कमानीवर नाव, दावणीला आकडे. गावोगाव फिरत होते, पण तोंडावर आनंद नव्हता. "सर, दुनिया वाळायली अन् माझा बरश मातुर वला. बरं वाटंना," म्हणायचे.

संघानं गावाबाहेरच्या माळावर जनावरांची छावणी चालवली होती. तिथं ते दावणीचे आकडे रंगवत असताना एक म्हातारी त्यांच्याजवळ आली. तिची एकच गाय होती, हाडं मोजून घ्यावीत अशी. म्हातारी म्हणाली, "लेकरा, माजी कपिली काढ की कागदावर. उद्या ऱ्हाईल, न ऱ्हाईल."

पेंटरनी एका जाहिरातीच्या पाठकोऱ्या कागदावर गाय काढली. दहा मिनिटांत. म्हातारीनं कागद लांब धरला, जवळ धरला आणि परत केला.

"ही माजी न्हाई. ही दूध संघाची हाय."

आम्ही हसलो. पेंटर हसले नाहीत. ते कपिलीसमोर मांडी घालून बसले. पाच कागद झाले, आणि पाचही वेळा त्या हडकुळ्या गाईच्या जागी तीच गुबगुबीत घंटावाली उतरली. संध्याकाळी माझ्याकडं आले तेव्हा चेहरा ताप आल्यासारखा होता. "सर, हात ऐकंना. डोळे गाय बघत्यात अन् हात पाटी काढतोय. तीस वर्सं मी नेमकं काय करायलतो?"

आठवड्याभरानं कपिली गेली. पेंटरनी हे कळल्यावर दोन दिवस दुकान उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी हायस्कूलच्या चित्रकलेच्या सरांकडं जाऊन त्यांनी विचारलं, "बघून काढायला कुठं शिकवत्यात?" सर म्हणाले, त्याची पदवी असते, पण बारावी लागते. पेंटर दहावीवर थांबलेले. त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांनी बाहेरून बारावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, टँकर रंगवता रंगवता इतिहासाच्या सनावळ्या पाठ केल्या आणि पास झाले. प्रवेश परीक्षाही दिली. तिथं पर्यवेक्षकानं त्यांना पालक समजून बाहेर काढलं होतं. हॉलतिकीट दाखवल्यावर आत घेतलं.

खरी पंचाईत पुढंच होती. अर्जात शाखा निवडायच्या होत्या आणि त्यांचा क्रम लिहायचा होता. उपयोजित कला, रेखा व रंगकला, शिल्पकला. पेंटर माहितीपुस्तिका घेऊन संघात आले आणि माझ्या टेबलावर उघडून बसले.

"उपयोजित म्हंजी नेमकं काय?"

"उपयोगाची कला. जाहिराती, अक्षरं, पुस्तकांची कव्हरं."

"मग बाकीच्या बिनउपयोगाच्या?"

 संघाचे अध्यक्ष तिथंच होते. ते म्हणाले, "उपयोजितच घ्या, पेंटर. परत आला की संघाचे जाहिरातप्रमुख करतो." संघात तेव्हा कॅन निम्मे रिकामे येत होते. संघच किती दिवस टिकेल ते आम्हाला ठाऊक नव्हतं, जाहिरात कशाची करणार होते कोण जाणे. चित्रकलेचे सर म्हणाले, शिक्षकाची पदविका करा, दोन वर्षं वाचतील. मग त्यांनाच आठवलं की नोकरीची वयोमर्यादा उलटून गेली आहे. प्रत्येकानं सल्ला दिला आणि प्रत्येक सल्ल्याबरोबर पेंटर आणखी गोंधळले. सकाळी एक शाखा, जेवणानंतर दुसरी. घरी शिवणयंत्रावर बसलेल्या पेंटरच्या बायको, आमच्या भाभी, एकदा मला म्हणाल्या, "दो महीने से येइच चल रहा हाय, भाईसाब. मैं बोली जाव. दुकान मैं देखती, घर मैं देखती. पण जाने का किदर, वो तो ठैराव!"

शेवटी मी रजा काढली आणि आम्ही दोघं एसटीनं औरंगाबादला गेलो. कॉलेजच्या दारात शिपायानं पेंटरच्या हातातली ब्रशची पिशवी बघितली आणि म्हणाला, "रंगकाम मागच्या बाजूला हाय." पेंटर निमूट मागं निघाले. मी त्यांना दंडाला धरून परत आणलं.

आतल्या मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी पेंटरना काहीतरी काढायला सांगितलं. पेंटरनी पट्टी नाही, रेघ नाही, नुसत्या ब्रशनं 'पिण्याचे पाणी' लिहिलं. मॅडमनी कागद उचलून उजेडात धरला. "ही अक्षरं आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना येत नाहीत. उपयोजितमध्ये तुम्ही पहिले याल."

"अन् रंगकलेत?"

"तिथं तुम्हाला हे सगळं विसरायला लागेल."

पेंटरनी विचारलं, "मॅडम, तीस वर्सं शिकलो ते विसरायला किती दिवस लागत्यात?"

"कोर्स चार वर्षांचा आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांनाही हसू आवरलं नाही.

परतीच्या गाडीत पेंटर गेवराईपर्यंत माहितीपुस्तिका चाळत होते. मग म्हणाले, "जे येतं ते शिकायला जावं, का जे येत न्हाई ते?" मी झोपल्याचं सोंग घेतलं. 

अर्जाच्या शेवटच्या दिवशी ते माझ्याकडं आले. तिन्ही चौकटी कोऱ्या. खोडून खोडून तिथला कागद पातळ झाला होता. "तुमीच लिवा, सर. तुमी लिवलेलं मी मानीन." मी त्यांच्या घराचा विचार केला, वयाचा केला आणि पहिल्या चौकटीत 'उपयोजित कला' लिहिलं. ते मान डोलावत अर्ज घेऊन गेले. जाताना काहीच विचारलं नाही. त्यांनी काही न विचारता जाणं हे मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं, आणि मला ते आवडलं नाही.

त्यांना तीच शाखा मिळाली. प्रवेशाच्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. मागं खूप गलका होता. "सर, रंगकलेत एक जागा रिकामी हाय म्हणत्यात. बदलून मिळंल, पर पाच वाजायच्या आत सही पायजे. काय करू?"

घड्याळात सव्वाचार झाले होते. एकदा त्यांच्यासाठी लिहून मी आठवडाभर नीट जेवलो नव्हतो. मी म्हणालो, "पेंटर, या खेपेला तुम्हीच ठरवा."

पलीकडं कुणीतरी 'पुढचा' म्हणून ओरडलं. मग फोन बंद झाला.

त्यांनी काय केलं ते मला पुष्कळ दिवस कळलं नाही. शहरात ते नात्यातल्या कुणाच्या गॅरेजच्या माडीवर राहत, सकाळी गाड्यांचे नंबर रंगवत आणि अकराला कॉलेजात जात. भाभींना विचारलं तर म्हणाल्या, "मेरे कू तो बोले, कॉलेज में हूँ." इकडं आमचा संघ बंद पडला आणि माझी रवानगी अंबाजोगाईच्या एका पतसंस्थेत झाली. पुढं भाभीही शहरात गेल्या. चार वर्षं पुरी झाल्याचं त्यांनीच फोनवर सांगितलं. आता पेंटर काय करतात, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "ढूंड रहे हैं." काय, ते सांगितलं नाही. नंतर तो नंबरही लागेनासा झाला.

आमची शेवटची भेट झाली ती त्यांच्या दुसऱ्या वर्षात. पतसंस्थेच्या कामानं औरंगाबादला गेलो होतो, म्हणून कॉलेजात डोकावलो. ओळखीचा तो शिपाई या वेळी आदरानं म्हणाला, "काका ना? वरच्या वर्गात हायेत." जिना चढलो. दारावर लिहिलं होतं, 'रेखा व रंगकला'. मी ती अक्षरं दोनदा वाचली.

आत वीसेक पोरंपोरी अर्धगोल करून बसली होती आणि मधल्या चौथऱ्यावर, स्टुलावर, पेंटर बसले होते. चित्र काढून घ्यायला समोर बसणारा माणूस त्या दिवशी आला नव्हता, म्हणून मॅडमनी यांनाच बसवलं होतं. अंगात बाह्या दुमडलेला सदरा, हात मांडीवर, पाठ ताठ. चाळीस डोळे त्यांच्याकडं वर जात होते आणि खाली कागदावर उतरत होते. त्यांच्या गालावरचा व्रण, पिकलेली दाढी, रंगानं फुटलेली नखं, ज्याला जे दिसेल ते तो काढत होता.

त्यांनी मला पाहिलं. ओठ हलले.

"काका, हलू नका," एक मुलगी ओरडली.

ते पुन्हा स्थिर झाले. फक्त डोळे भरून आले, आणि ते पुसायला त्यांना हात उचलता येईना. पुढच्या बाकावरचा मुलगा खोडरबर बाजूला ठेवून पुढं वाकला, त्यानं क्षणभर नीट बघितलं आणि ते पाणीही काढू लागला.