वाळूत सापडलेली बाटली

परवा एका लग्नात कुणीतरी हातावर हिनाचं अत्तर लावलं आणि मला नांदेडमधलं क्लासचं वर्ष आठवलं.

भाड्याच्या खोलीतल्या मुलींपैकी मी कुणाशीच बोलत नसे. ‘मला घरी न्या,’ असं बाबांना फोनवर सांगून टाकलं होतं; ते रविवारी येणार होते. शनिवारी आम्ही मुली विष्णुपुरीला गेलो, तेव्हा नदीकाठच्या वाळूत मला जाड काचेची एक छोटी बाटली सापडली. मी ती ओढणीत लपवली, पण खोलीवर परतल्यावर शेजारच्या कॉटवरच्या वैशालीने ती पाहिलीच.

“जिन हाय आत! निघाला की फिजिक्सचा पेपर माग.”

घरमालकीण खाला हसल्या. कोमट तेल चोळून त्यांनी घट्ट बसलेलं बूच फिरवलं. बुचाला आतून काचेची काडी होती आणि तळाशी थोडे तपकिरी थेंब. त्यांनी वास घेतला.

“हिनाचं अत्तर हाय, बेटी. थंडीत लावत्यात. हात उलटा कर.”

काडी माझ्या हाताच्या पाठीवर फिरली. लगेच सगळ्यांचे हात पुढे आले. खालांनी काडी मलाच दिली. “तुला सापडली ना? तूच लाव.”

एकेकीचा हात धरून मी अत्तर लावत गेले. त्या काडीचे उपकार आज कळतात.

दुसऱ्या दिवशी बाबा आले. “बॅग भरलीस?”

“नाही भरली. आधी हात उलटा करा,” बाटलीचं बूच फिरवत मी म्हणाले.