दातांवर धरलेला सूर

आज सकाळी कवळीसाठी गुलाबी भुकटी द्रावणात कालवायला घेतली आणि तो उग्र, डोळ्यांत चढणारा वास खोलीभर पसरला. ताइफ या अरबी शहरातल्या दवाखान्यात मागच्या बाजूला माझी एवढीशी खोली आहे. पुढे डॉक्टर दात काढतात, मागे मी दात घडवते. रत्नागिरीहून नवऱ्यापाठोपाठ इथे आले तेव्हा या वासानं डोकं ठणकायचं. आताशा तो आला की मला एक म्हातारी आठवते.

थंडीच्या दिवसांत, डोंगरावरून धुकं रस्त्यांवर उतरतं तेव्हा, ती आली होती. सोबत तिची लेक, शाळेत शिकवणारी, पन्नाशीकडे झुकलेली. इथे ज्यांना सरसकट ‘बुखारी’ म्हणतात, त्यांच्यातलं हे घर. म्हातारीचे आईवडील दूर उत्तरेकडच्या फरगाण्याच्या खोऱ्यातून निघाले, मुलूख मागे टाकत हजच्या वाटेनं इथवर पोचले आणि इथलेच झाले. तिचा स्वतःचा जन्म ताइफचा. ते खोरं तिनं कधी पाहिलेलंच नव्हतं. वरचे पुढचे दात सगळे गेलेले. दुसरीकडे करून घेतलेली कवळी तिनं पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवली आणि शेजारी रुमालातली एक लोखंडी वस्तू. मोठ्या किल्लीएवढी चौकट, तिला दोन निमुळते पाय, आणि मधून गेलेली पोलादी पट्टी, टोकाशी वर वळलेली. राजस्थानी वादकांच्या हाती आपण मोरचंग पाहतो, त्याचंच हे दूरदेशीचं भावंड. ती त्याला चंगकोबुझ म्हणाली. तिच्या आईच्या गावी हे बायकांचं वाद्य; दातांवर टेकवायचं, बोटानं पट्टी छेडायची आणि तोंडाच्या पोकळीत सूर घुमवायचा.

“जेवायला हे दात चालतात,” ती म्हणाली. “पण हे वाजवायला घेतलं की हलतात. आईचं काही वाजवून फार दिवस झाले.”

डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी समजावून सांगितलं की कवळी खाण्याबोलण्यासाठी असते. त्यावर लोखंड वाजवलं तर एखादा तुकडा तुटून घशात जायचा. लेकीलाही तेच हवं होतं. “यम्मा, पुरे आता. ते ऐकणारं तरी कोण उरलंय?” म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, “घडवणारी तू ना? तू सांग.”

मी म्हटलं, “बघते.” एवढंच बोलायचं धैर्य होतं.

पहिली खेप फसली. मी अगदी घट्ट बसेल अशी कवळी केली होती, पण पट्टी छेडताच ती टाळूवरून सुटली. म्हातारीनं ती शांतपणे काढून माझ्या हातावर ठेवली, आणि मला वाटलं, आता ही परत यायची नाही. त्या दिवशी घरी मासळी साफ करतानाही डोक्यात तिचा जबडाच होता. तिच्या दाढा शाबूत होत्या. त्यांना आकड्यांनी पकडणारी धातूची चौकट ओतली आणि पुढचे दात तिच्यावर बसवले, तर हलायला जागाच उरणार नव्हती. डॉक्टरांच्या मागे लागले. शेवटी ते हसून म्हणाले, “यल्ला, चल, करून बघ.” टाळूचा मधला भाग मी मोकळा ठेवला, कारण सूर तिथेच घुमतो असं तिनं सांगितलं होतं.

ती पुन्हा आली. दात बसवले, तिनं ते जिभेनं चाचपले, लोखंड ओठांशी नेलं. सुरुवातीला एकच खालचा सूर, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुणगुणणारा. मग त्याच्यावर, कुठून उगवला कळलं नाही, दुसरा एक बारीक, लकाकणारा सूर चालू लागला. तिचे गाल आत जात होते, गळा हलत होता, श्वास आतबाहेर होत होता, आणि त्या एका पट्टीतून अखंड, दाट, बारीक सळसळ निघत होती. दारात डॉक्टर हातमोजे न काढता उभे राहिले होते.

“हे काय होतं, यम्मा?” लेकीनं विचारलं. तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

“रेशमाचे किडे. तुतीची पानं खातायत. आईच्या घरी खोलीभर असायचे.”

तिनं आयुष्यात रेशमाचा किडा पाहिला नव्हता. आईच्या तोंडून ऐकला होता, तेवढाच. आणि आता तो या वाळवंटी देशातल्या दवाखान्यात पानं कुरतडत होता.

मग तिनं लोखंड रुमालानं पुसलं आणि माझ्या दातांवर टेकवलं. “ओठ सैल सोड,” म्हणाली आणि बोटानं पट्टी छेडली. कानांत शिरण्याआधीच तो नाद हाडांतून माझ्या कवटीत भरला; डोळ्यांमागे, कपाळात, मानेच्या मणक्यात. जन्मभर मी दुसऱ्यांच्या तोंडांचे साचे काढत आले. तोंड म्हणजे चावायची, गिळायची जागा, इतकंच मला ठाऊक होतं. आत एवढं मोठं दालन आहे आणि तिथे एक नाहीसं झालेलं गाव राहू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

म्हातारी मागच्या वर्षी गेली. गेल्या आठवड्यात तिची लेक आली ती हातानं तोंड झाकूनच. पुढच्या दाताचा टवका उडाला होता. पट्टी छेडताना चुकली होती. “यम्मासारखा आवाज येत नाही,” ती मला म्हणाली.

“यायचा नाही,” मी म्हटलं. “तुमची टाळू निराळी आहे.”

तिला वाईट वाटेल अशी मला धास्ती होती. तिनं त्या टवक्यावरून जीभ फिरवली. मग म्हणाली, “म्हणजे यम्माचा आवाजही आजीसारखा नसणार.”

डॉक्टरांनी दात भरून दिला आणि चार दिवस लोखंडाला हात लावू नका म्हणून बजावलं. ती गेल्यावर मी पुन्हा साचे घासायला बसले. फरगाण्यातल्या त्या खोलीत किडे नेमके कसे वाजत असतील, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. आजीनं ते आपल्या टाळूच्या मापानं घेतले, म्हातारीनं आपल्या, आता लेक आपल्या मापानं घेईल, आणि दरवेळी ते जरा निराळे होतील. काळ काय काय पुसतो त्याची गणती मी कधी केली नाही. पण एखादा आवाज असा तोंड बदलत, बदलत राहूनच जिवंत उरतो, यावर मात्र आता माझा विश्वास बसला आहे.